सरहंगाच्या खांद्यावरचा ठिपका

१४ फरवर्दिन

फुकट आलेल्या दोन सोनेरी माशांची आजपर्यंतची खरी किंमत: तीन गप्पी, एक काळी मॉली, तूबाचा अबोला आणि माझी दुपारची झोप. अजून किती लागेल ते टाकीकडे बघून सांगता येत नाही.

काल नवरोजचा तेरावा. त्या दिवशी घरात थांबायचं नसतं, म्हणून सगळे तफ्तला मेहुण्याच्या बागेत गेलो होतो. बायको तूबा आणि मुलगी फरंगीस तिथेच राहिल्या. मी सकाळी एकटा यझदला परतलो, कारण कूलर दुरुस्तीचा हंगाम दाराशी आला आहे. कुलूप काढलं आणि सवयीने आधी टाकीपाशी गेलो. चार मासे पोट वर करून तरंगत होते. उरलेल्यांच्या अंगावर पांढरे दाणे, वरून कोणी मीठ भुरभुरावं तसे. सरहंग तळाच्या दगडावर पाठ घासत होता.

अकरा वर्षांत या टाकीत मेलेला मासा मी पाहिलेला नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगत आलो आहे, आणि ज्यांनी दोनदा ऐकलंय तेही मान हलवतात.

टाकी एका दातांच्या डॉक्टराची. त्याचा दवाखाना बुडाला तेव्हा माझ्या बिलापोटी त्याने ती माशांसकट दिली. फरंगीस तेव्हा सतरा वर्षांची होती. माशांना सकाळचं खाणं घालणं, काच पुसणं, पाणी बदलणं, त्यांचं सामान आणणं, सगळं तिने आपण होऊन अंगावर घेतलं. मी उठायच्या आत तिचं सगळं आवरलेलं असतं. माझ्याकडे फक्त बघण्याचं काम. सरहंग पहिल्या दिवसापासूनचा. लाल अंग, शेपटीला तलवारीसारखं टोक आणि खांद्यावर काळा ठिपका, फौजेतल्या अधिकाऱ्याच्या बिल्ल्यासारखा. नाव मीच ठेवलं, सरहंग म्हणजे कर्नल.

संध्याकाळी दोघी आल्या. तूबाने टाकीत पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्हीच ओतलेत." त्यानंतर काही बोललेली नाही.

१५ फरवर्दिन, शुक्रवार

ओतले मीच, हे खरं आहे. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाशी वाद नको.

सात तारखेला मोनीर खानम मुलाला घेऊन फरंगीसला मागणी घालायला आल्या. आमचं घर त्यांना कोणी सुचवलं ते नीट कळलं नाही. तूबा म्हणते, कुराणवाचनाला येणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी असेल. मुलाचं नाव ईरज, फरश्यांच्या कारखान्यात हिशेबनीस. वडील नाहीत. बोलतो मोजकं, आणि बोलण्याआधी समोरच्याचं संपलं का ते बघतो. मला अशी माणसं चटकन कळत नाहीत. ज्या मोटरचा आवाजच येत नाही ती चांगली आहे की बंद पडली आहे, कसं ओळखायचं?

मोनीर खानमनी मिठाईच्या डब्यासोबत काचेचं भांडं पुढे केलं. फीत बांधलेली, आत दोन सोनेरी मासे.

"ऐकलंय, हशमत आगांना माशांचा शौक आहे. नवरोजच्या मांडणीत ठेवलेली जोडी आहे. तुमच्या टाकीपुढे अगदीच क्षुल्लक."

"खानम, तुमच्या हातून आलेलं क्षुल्लक कसं? डोळ्यांवर ठेवू."

मी भांडं घेऊन टाकीकडे निघालो तसा ईरज अर्धा उठला. "आगा, हवं तर थोडे दिवस वेगळ्या बादलीत ठेवा. म्हणजे त्यांना तुमच्या पाण्याची सवय होईल."

"बाळा, तुमच्या घरून आलेल्यांना मी उंबऱ्यावर तिष्ठत ठेवू? मग उद्या तुलाही अंगणातच बसवावं लागेल."

सगळे हसले. ईरज हसला नाही. मी भांड्यातल्या पाण्यासकट दोन्ही मासे टाकीत सोडले. मोनीर खानम खूश झाल्या, मीही झालो. पाहुण्यासमोर त्याची भेट बाजूला काढायची म्हणजे तुमचं घर अस्वच्छ आहे असं तोंडावर सांगणं. आमच्या गावात हे कोणी करत नाही. मी तरी पाहिलेलं नाही.

मग मी त्यांना अकरा वर्षांची गोष्ट सांगितली आणि सरहंग दाखवला. त्याच वेळी फरंगीस चहाचा ट्रे घेऊन येत होती. ट्रेवरचे पेले किणकिणले. लाजली असेल. ईरजला पहिल्याच घोटाला ठसका लागला. चहा गरम होता.

१६ फरवर्दिन

आज तोंडातून एक वाक्य गेलं. ते जायला नको होतं.

दुकान बंद करून आलो तर थोरला भाऊ नेमत येऊन बसलेला. टाकीत आणखी दोन गप्पी मेलेले, आणि ते त्याने माझ्याआधी पाहिलेले.

"हशमत, तुझ्या टाकीत तर कोणी मरत नाही म्हणे. आता काय, कबरस्तानात दिवा लावायला माणूस ठेवणार?"

"गप्पी येतात-जातात. सरहंग आहे तोवर टाकी आहे."

"आणि सरहंग गेला तर? होणाऱ्या व्याह्यांनी आंदणाआधीच तुझं घर धुऊन नेलं म्हणायचं."

त्याला गप्प करायचं म्हणून मी म्हणालो, "सरहंग गेला, तर अठ्ठावीस तारखेला ते उत्तर घ्यायला येतील तेव्हा त्यांना माझ्याकडून होकार मिळणार नाही. लिहून घे."

नेमत हसत होता, तो थांबला. आतल्या खोलीत तूबाचं शिवणयंत्र थांबलं. स्वयंपाकघरात फरंगीसने सोडलेला नळ बंद झाला. माझे कान चांगले आहेत. रस्त्यावरून जाताना कोणाच्या गच्चीवरच्या कूलरचं बेअरिंग गेलंय ते मी सांगू शकतो. या घरात माझ्या कानाआड काही घडत नाही. तीन आवाज एकदम थांबले, ते मी ऐकले.

लहानपणी पाठीवर गवताच्या जाळ्या बांधून लोकांच्या गच्च्या चढलो. दुकान उभं राहिलं ते एका गोष्टीवर, की हशमत बोलला म्हणजे बोलला. बुधवारी येतो म्हटलं की बुधवारी शिडी लागलेली असते. आता तीच गोष्ट माझ्या गळ्यात अडकली आहे. मुलगा मला नापसंत आहे असं नाही. पसंत आहे असंही अजून नाही. पण एका माशावर मुलीचं लग्न टांगावं एवढा मी मूर्ख नाही, आणि तरी टांगून बसलो आहे.

१८ फरवर्दिन

उपचार सुरू. हा रोग एका किड्याचा आहे, इतका बारीक की दिसतो तो त्याने केलेला दाणाच. फरंगीस हिरव्या औषधाची बाटली घेऊन आली. ती कामाला जाते त्या दवाखान्यातल्या एका मैत्रिणीकडे टाकी आहे म्हणे. तिने सांगितलं, पाणी हळूहळू तीस अंशांपर्यंत तापवायचं, हवेचा आणखी एक दगड सोडायचा, कारण गरम पाण्यात माशांना श्वास पुरत नाही. गाळणीतला कोळसा काढायचा, नाहीतर तोच औषध पिऊन टाकतो. आणि दिवा बंद. मुलगी एवढी सफाईने सांगत होती, की मला तिचं कौतुक वाटलं. मैत्रीण हुशार असावी.

दुपारी ती फोनवर हळू आवाजात विचारत होती, "मिठाचं प्रमाण किती? आणि एकदम घालायचं की थोडं थोडं?" तूबा लोणचं घालते आहे वाटतं. या वर्षी लवकर घेतलं.

पाणी हिरवं झालं. त्यात सरहंग एखाद्या जुन्या बाटलीतल्या चित्रासारखा दिसतो. त्याच्या कल्ल्यांचा वेग जास्त आहे.

२१ फरवर्दिन

दाणे गेले. सोनेरी जोडी स्वच्छ, गप्पी स्वच्छ, सरहंगाच्या शेपटीवर एक-दोन उरलेत तेवढेच. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. हीटर कमी केला, निम्मं पाणी बदललं, कोळसा परत बसवला.

फरंगीस कामावरून आली आणि म्हणाली, "बाबा, इतक्यात बंद करायचं नसतं."

"मोटर चालू झाली की मी स्पॅनर पेटीत ठेवतो. उगाच पिळत बसलो तर आटे जातात."

ती फोन घेऊन गच्चीवर गेली. नेमतला मी स्वतः फोन करून सांगितलं की सरहंग ठणठणीत आहे. तो म्हणाला, "तू वाचलास." मीही तेच म्हणत होतो, मनात.

२४ फरवर्दिन

परत आले, आणि पहिल्यापेक्षा जास्त. सोनेरी माशांच्या पंखांना कड उरलेली नाही, नुसते दाणे. सरहंग पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून उभा आहे, हलत नाही. मी दुकानात मुलांना कारण नसताना ओरडलो.

तूबाने अबोला सोडला, तो असा: "अहो, आता तरी कोणा माहीतगाराला बोलवा. मोनीर खानम म्हणत होत्या, ईरजला माशांतलं थोडंफार कळतं."

"त्याच्याच घरच्या माशांनी आणलेला रोग, आणि त्यालाच बोलवू?"

"मग नका बोलवू. अठ्ठावीसला त्यांना मेलेला सरहंग दाखवा आणि चहा पाजून पाठवा."

बोलावलं. तासाभरात आला, कारखान्याच्याच कपड्यांत. हातात पिशवी: नळी, तापमापक, दोन बाटल्या, बारीक जाळी.

"हिशेबनिसाकडे एवढं सामान कुठून?"

"मामाचं आहे, आगा."

त्याने बाह्या वर केल्या आणि टाकीपुढे उकिडवा बसला. बराच वेळ नुसता पाहत होता. मग विचारलं, "औषध कधी थांबवलंत?"

"दाणे गेले तेव्हा."

"दाणे गेले म्हणजे रोग गेला असं नसतं. किडा पोट भरलं की अंगावरून उतरतो, खडीत जाऊन बसतो आणि तिथे वाढतो. एकाचे शेकडो होतात. ते मासा शोधत पाण्यात फिरतात, तेवढ्याच वेळात औषध त्यांना लागतं. अंगावर असताना लागत नाही, खडीत असताना लागत नाही."

"म्हणजे पाहुणा निघाला म्हणून मी दार लावून घेतलं, आणि तो जिन्याखाली बसून चुलतभावांना बोलावत होता."

"हो. तसंच."

तो हसला नाही. होणाऱ्या सासऱ्याच्या विनोदाला न हसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला ते आवडलं की नाही ते अजून ठरत नाही.

"आणि मी त्या दिवशी बादलीत ठेवले असते तर?" मी विचारलं.

त्याने नळी खडीत खुपसली. "आईसमोर तुम्ही ते करू शकला नसता. मीही तुमच्यासमोर याहून जास्त बोलू शकलो नाही. माझी चूक तुमच्याहून मोठी आहे, आगा. मला माहीत होतं."

२६ फरवर्दिन

तीन दिवस रोज संध्याकाळी येतो. नळीने खडीतला गाळ ओढतो, काढलं तेवढंच तापवलेलं पाणी भरतो, थेंब मोजून टाकतो. फरंगीस बादल्या देते. मी शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून वर्तमानपत्र घेऊन बसतो. कान तिकडेच.

ऐकण्यासारखं काही नाही. दोघं जवळजवळ बोलतच नाहीत. त्याने हात मागे केला की तिच्या हातातली जाळी तिथे असते. तिने बादली उचलली की तो नळी चिमटतो. माझ्या दुकानात दोन माणसांना एकमेकांचा हात असा कळायला दोन हंगाम जातात. मी तूबाला म्हणालो, "पोरगा कामाला शिस्तीचा आहे, तिसऱ्याच दिवशी फरंगीसला तयार केली."

तूबा शिवणावरून मान वर न करता म्हणाली, "हो ना."

गप्पी संपले. सोनेरी जोडी सुधारते आहे. रोग ज्यांनी आणला ते तगले. सरहंग आज तळाला एका कुशीवर होता. जाळीने हलवला तर चार बोटं पोहला आणि परत आडवा झाला.

जाताना ईरज चपला घालत म्हणाला, "आगा, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी नेमत आगांना म्हणालात ते..."

"तुला कोणी सांगितलं?"

"गाव लहान आहे."

"म्हणालो खरा."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. कशाला ठीक, ते कळलं नाही. फरंगीस त्याला दारापर्यंत सोडायला गेली. दाराशी फक्त ती बोलली, आणि तेही एकच वाक्य: "अजून लहान आहे, पण चालेल." कोणाबद्दल ते कळलं नाही. घराबद्दल असेल. त्याने भाड्याने बघितलेलं घर लहान आहे असं मोनीर खानम म्हणाल्या होत्या.

मी टाकीपुढे बसलो. उद्या सकाळी हा मेलेला दिसला तर काय करायचं ते ठरवत होतो. नेमतकडे जाऊन म्हणायचं, मी मस्करी केली. तो गावभर सांगेल. सांगू दे. पण मग बुधवारी येतो म्हटल्यावर लोक मंगळवारी दुसऱ्या कोणाला बोलावतील. किंवा तिकडे न जाता, शब्द पाळून, फरंगीससमोर रोज जेवायला बसायचं. दोन्ही बाजूंनी विचार केला. काही ठरलं नाही.

२७ फरवर्दिन

सरहंग उभा आहे.

नमाज संपवून आलो तेव्हा फरंगीस काच पुसत होती. मी विचारायच्या आधी ती म्हणाली, "बघा." तो टाकीच्या मधोमध, शेपटीचं टोक ताठ, अंगावर एक दाणा नाही. खाणं टाकलं तर झडप घातली. आजारपणाने थोडा रोडावला आहे, लांबीलाही कमी वाटतो. रंग मात्र उजळला. औषधाने कात टाकल्यासारखं झालं असावं. खांद्यावरचा ठिपका डाव्या बाजूला आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. आज नीट पाहिलं, तो उजव्या बाजूला आहे. साठीनंतर असं होतं.

फरंगीसचे डोळे सुजलेले होते. मी म्हणालो, "एका माशासाठी एवढं जागायचं नसतं." ती हसली आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवले. असं तिने शाळेत असताना केलं होतं, त्यानंतर आजच.

नेमतला फोन केला. "येऊन बघून जा," म्हणालो.

२८ फरवर्दिन, गुरुवार

होकार दिला.

मोनीर खानम, त्यांच्या दोन बहिणी, नेमत, सगळे होते. मी सगळ्यांना टाकीपुढे उभं केलं. सोनेरी जोडी दाखवली, मग सरहंग. म्हणालो, "अकरा वर्षं झाली. या रोगानेही त्याला उचललं नाही. या घरातलं काही सहजासहजी मरत नाही, खानम. मुलगी देतोय ती याच घरातली."

बायकांनी आनंदाची किलकारी दिली. मिठाई फिरली. ईरजने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या बोटांना औषधाचा हिरवा डाग होता. तो म्हणाला, "आगा, मी सांभाळीन." आता मला वाटतं, ही मोटर चांगली आहे. आवाज नाही एवढंच.

नेमत जाताना टाकीत वाकून बराच वेळ पाहत होता. "सुधारलाय," म्हणाला. "तरुण दिसतो."

३ उर्दिबेहेश्त

महिना बदलला तरी औषध अजून थोडे दिवस चालू ठेवायचं आहे, ईरजने बजावलं आहे. बाटली संपली. फरंगीस खरेदीला गेलेली, म्हणून माशांच्या दुकानात मीच गेलो. किल्ल्यामागच्या बोळात आहे म्हणून ऐकलं होतं, गेलो पहिल्यांदाच.

दुकानदार माझ्याच वयाचा, उस्ताद कुरबान. मला ओळखत नव्हता. मी औषध मागितलं. तो आत शोधत असताना मी इकडेतिकडे पाहत उभा राहिलो. कोपऱ्यात एक छोटी टाकी होती, वर फडकं टाकलेलं. आत तीन लाल मासे, तलवारीसारखी शेपटी. तिघांच्या खांद्यावर काळा ठिपका.

"हे कितीला?"

"ते विकायचे नाहीत, आगा. भाच्याचे आहेत. गुरुवारी तो इथे बसायचा. कोणी एक मुलगी यायची, तिच्या वडिलांचा असाच मासा होता, तो मेला. वडिलांना कळू द्यायचं नव्हतं. असा ठिपका बाजारात मिळत नाही. तर या पठ्ठ्याने पिढ्या जुळवून जुळवून ठिपका आणला. एकदा डावीकडे येतो, एकदा उजवीकडे, त्यावर त्याचा इलाज नाही. पुढे दर वेळी मेला की ती येणार, आणि हा काढून देणार. गेल्याच आठवड्यात एक नेला, अजून पुरता वाढलाही नव्हता."

"भाचा काय करतो?"

"फरश्यांच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आता लग्न ठरलंय त्याचं. त्याच मुलीशी."

मी औषधाचे पैसे दिले. फडकं होतं तसं टाकीवर ओढलं. निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारलं, ही जात जगते किती.

"नीट ठेवला तर तीन वर्षं," तो म्हणाला. "फार तर चार."